तुटलेली कड

कुरियरचा पोरगा धुळ्याच्या उन्हातून
थर्माकोलचा डबा छातीशी धरून आला,
तेव्हा आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.
मी आधी कुपीला बोट लावलं.
गार होती. अजून.

कुपी ती केवढी, करंगळीच्या पेराएवढी,
तळाशी शंभर मायक्रोलीटर,
तिरपी धरली तर दिसतही नाही.
बिलावर अठ्ठेचाळीस हजार.
उखर्डूनं सही करताना आकडा वाचला:
"इतलामा म्हैस येस, ताई.
काय शे याम्हा?"

सशाचं आहे, म्हटलं.
सशाला एका प्रथिनाचा तुकडा टोचतात,
मग त्याचं रक्त तेवढाच तुकडा ओळखायला शिकतं.
जगातलं दुसरं काही नाही, तेवढंच.
"काय वळखस ते?"
मरण, म्हणाले.
मग वाटलं, जरा जास्तच बोलले.

नीट सांगायचं तर असं:
पेशीत एक कात्री असते, मिटलेली,
कॅस्पेज-तीन नावाची.
पेशीनं ठरवलं की आता पुरे,
तर आधी ती कात्रीच कापली जाते
आणि मग बाकीचं कापत सुटते, घरातल्या घरात,
शेजारी आवाज न जाऊ देता.
हा ससा मिटल्या कात्रीकडे बघतही नाही.
त्याला कळते फक्त तुटलेली कड.

उखर्डूच्या आधीची तीन गेली होती.
हा जगावा म्हणून आईनं त्याला
सुपात घालून उकिरड्यावर ठेवला,
मावशीनं पसाभर कोंडा देऊन विकत घेतला,
आणि नाव असं ठेवलं
की मरणानं यादी वाचली तरी इथे थांबू नये.
सत्तावन्न वर्षं थांबलेलं नाही.

दुपारी ब्लॉक २२१३ काढला.
जिभेचा तुकडा. शिरपूरकडचा माणूस, तंबाखू.
मेणातून चार मायक्रॉनची चकती
कोमट पाण्यावर पसरली, सायीहून पातळ.
शेजारी टॉन्सिलची काच, पारखायला:
तिथे मरण असतंच, रोजचं, कामाचं.
तिथेही तपकिरी उमटलं नाही
तर ससा वाटेत उन्हानं गेला समजायचं.
एकास चारशे. ओल्या डब्यात. रात्रभर, चार अंशांवर.
फ्रीज इन्व्हर्टरवर टाकून निघाले;
साक्री रोडला लाइट नव्हती.

सकाळी रंग टाकला, घड्याळ लावून पाच मिनिटं.
टॉन्सिलमध्ये ठिपके आले, भाजल्या तिळासारखे.
हुश्श.
उखर्डूला बोलावून दाखवले.
"ह्या समद्या मरी ऱ्हायन्यात?"
मरायलाच हव्यात, म्हटलं,
आईच्या पोटात हात आधी वल्ह्यासारखा असतो,
मधल्या पेशी आपणहून जातात
म्हणून बोटं सुटी होतात.

तो काही बोलला नाही.
काचा धुवायला हातमोजा काढला होता.
डाव्या हाताची मधली दोन बोटं
जन्मापासून एका कातड्यात, नखापर्यंत.
तेरा वर्षं आम्ही एकाच बेसिनला हात धुतो.
मी ती रोज पाहिलीयत.

"आठे इसरी गयं का मंग ते?"
बहुतेक, म्हटलं.
"माय म्हने, नाव कामले उनं."
हसला की काय, मास्कमुळे कळलं नाही.

मग २२१३ लावली.
निळं. नुसतं निळं, गच्च,
केंद्रकं एकमेकांच्या अंगावर चढलेली,
शंभरात दोन तपकिरी. कदाचित तीन.
पुन्हा मोजले.
कुणी मरावं म्हणून इतकी आस लावून
मी कधी बसले नव्हते.
नेहेते मॅडमनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.
दोन लिही, म्हणाल्या.
अभ्यासाचा नमुना; त्या माणसाला हा आकडा कळवायचा नसतो.
तो शुक्रवारी येतो, शेक घ्यायला,
आणि पाणी कुठे मिळेल विचारतो, खुणेनं.

रजिस्टरात नोंद केली:
वापरलं एक, उरलं नव्याण्णव.
कुपी मागच्या कप्प्यात, दाराशी नको,
दार सारखं उघडतं.
उखर्डूच घेऊन गेला,
डाव्या हातात,
कोंबडीखालचं अंडं न्यावं तशी.